वडिलांच्या मृत्यू दाखल्यावर नाव चुकलंय. गावच्या ग्रामपंचायतीतून दुसरा दाखला काढता येईल का?

मृत्यू गावातच झाला असेल तर ग्रामपंचायतीत जा. शहरातल्या दवाखान्यात झाला असेल तर नोंद त्या शहरात असते आणि दुरुस्तीही तिथलाच निबंधक करतो.

आमचे अण्णा झेडपीचे मास्तर. गाव कराडजवळ, वारले पुण्यात. दवाखान्यात भरती करताना चुलतभावाने फॉर्मवर 'बापूराव' लिहिलं, कारण गावात त्यांना सगळे बापूरावच म्हणत. आधार, पासबुक, सातबारा, सगळीकडे मात्र पांडुरंग. दाखला बापूरावांच्या नावाने आला. बँकेने तो परत केला, आईचं कुटुंब निवृत्तिवेतन अडकलं.

थोरले काका म्हणाले, "दोन्ही नावं एकाचीच हे गावाला ठाऊक आहे. तलाठी आपलाच आहे. आणि सुतकात पोरीबाळींनी कचेऱ्या हिंडायच्या नसतात." मी आईला विचारलं, ती म्हणाली जा. गेले. सुतक पाळून आईच्या घरात पैसे येणार नव्हते, हे मी काकांना तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगेन.

1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 15 खाली अर्ज केला. अण्णांचं आधार, सेवापुस्तकाची प्रत आणि त्यांना ओळखणाऱ्या दोघांची लेखी निवेदनं जोडली. एक निवेदन त्यांच्याच शाळेतल्या शिपायाने दिलं, सही करताना रडला बिचारा. मूळ नोंद खोडत नाहीत; समासात दुरुस्ती लिहून निबंधक सही-तारीख करतो. मग नवा दाखला मिळतो.

तो आल्यावर काका म्हणाले, माझ्याकडे ठेव, वारस नोंद मी करतो. अर्जात त्यांनी आम्हा बहिणींची नावं घातलीच नव्हती! मृत्यू दाखल्याने कुणी वारस ठरत नाही. माणूस कोण, कधी, कुठे गेला एवढंच त्यात असतं. हिंदू वारसा कायद्याने 2005 पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तुमच्या बहिणी असतील तर अर्जात त्यांची नावं घाला, काका-मामा काहीही म्हणोत.

आणि हो, विमावाले मृत्यूचं कारण मागतात. ते दाखल्यावर छापायला कलम 17 ची मनाई आहे, त्यासाठी दवाखान्याचे कागद वेगळे घ्या. आमचं काम कागद पक्के असल्यामुळे झालं. तुमच्याकडे जुना पुरावा नसेल तर आधी शाळा सोडल्याचा दाखला शोधा.