बीपी कमी असूनही सलाईन का थांबवलं?

प्रश्न : माझ्या बाबांना (वय 68, वजन 60 किलो) लघवीच्या इन्फेक्शनमधून सेप्सिस (इन्फेक्शनमुळे सगळ्या शरीराचं काम बिघडणं) झाला. इमर्जन्सीत नेल्या नेल्या अँटिबायोटिक आणि अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या सलाईन भराभर दिलं, तरी वरचं बीपी 80 च्या पुढे जाईना. मग डॉक्टरांनी पाय वर करून छातीवर सोनोग्राफी केली आणि म्हणाले आता सलाईन बास, दुसरं औषध चालू करतो. बाबा आता घरी आहेत, पण सारखं वाटतं की मी अजून सलाईन लावा म्हणून मागे लागायला हवं होतं का?

उत्तर : ताई, बाबा घरी आले हे वाचून खूप बरं वाटलं. ही शंका मला कितीतरी नातेवाईक विचारतात, कारण बाटली लटकलेली दिसली की उपचार चालू आहेत असा धीर येतो आणि ती काढली की पोटात गोळा येतो.

सेप्सिसमध्ये रक्तवाहिन्या सैल पडतात, वर गळायलाही लागतात, म्हणून बीपी कोसळतं. सुरुवातीला सलाईन लागतंच. 2021 ची आंतरराष्ट्रीय गाइडलाइन सांगते की पहिल्या 3 तासांत किलोमागे निदान 30 मिली द्या, म्हणजे बाबांना 1800, आणि त्यांना 2000 मिळालं. मात्र हा आकडा ती गाइडलाइनसुद्धा ठामपणे सांगत नाही, आणि त्याच्या पुढचं सलाईन तर पेशंट बघूनच ठरवायचं असतं.

ते पाय वर करणं म्हणजे तेच बघणं. पेशंटला अर्धवट बसवायचं, मग डोकं-छाती आडवी करून दोन्ही पाय 45 अंशांवर उचलायचे, की पायांतलं साधारण 300 मिली रक्त हृदयाकडे येतं, म्हणजे थेंबभरही सलाईन न देता सलाईनची ट्रायल झाली, आणि पाय खाली ठेवले की ते रक्त परत जातं! मिनिटभरात सोनोग्राफीवर बघायचं, हृदय दर ठोक्याला जास्त रक्त फेकतंय का. साधारण 10 टक्क्यांनी वाढलं तर सलाईनचा फायदा आहे, नाही वाढलं तर पुढची बाटली फुप्फुसात उतरणार, ऑक्सिजन कमी होणार, किडनीला सूज येणार. मग सैल वाहिन्या आवळणारं नॉरॲड्रेनालिन चालू करून सरासरी बीपी (वरचं आणि खालचं मिळून काढलेलं, नुसतं वरचं नव्हे) 65 पर्यंत आणतात, तुमच्या डॉक्टरांचं दुसरं औषध बहुतेक तेच असणार.

त्यांनी बोटाचं टोकही दाबून बघितलं असेल कदाचित. 10 सेकंद दाबून सोडायचं आणि पांढरं पडलेलं बोट परत गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचं, 3 सेकंदांच्या वर गेलं तर रक्तपुरवठा अजून कमी पडतोय. मला स्वतःला ही टेस्ट फार मोलाची वाटते, मशीन नाही, खर्च नाही आणि दर अर्ध्या तासाला करता येते.

आता तुमचा खरा प्रश्न. 2023 मध्ये छापून आलेल्या क्लोव्हर्स अभ्यासात 1563 पेशंट होते, सुरुवातीच्या सलाईननंतर काहींना सलाईनच जास्त दिलं आणि काहींना ते कमी देऊन बीपीचं औषध लवकर चालू केलं, 90 दिवसांपर्यंतच्या मृत्यूंत फरक पडला नाही. त्यामुळे तुम्ही मागे लागला नाहीत यात तुमचं काहीच चुकलं नाही.