पाकिटं राहू द्या, आधी इन्शुरन्सचं बोला

वाचकाचं पत्र थोडक्यात असं: वय 41, पुणे, दोन मुली, पगार हातात 1 लाख 10 हजार, होम लोन अजून 38 लाख. डीलरकडे दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश नेव्हीच्या खलाशांच्या पत्रांची सेन्सॉर झालेली 60 पाकिटं आहेत, 3 लाखांना, दहा वर्षांत तिप्पट होतील म्हणतो, मुलींच्या शिक्षणाला घेऊ का? आणि जाता जाता एक ओळ, की पैसे पॉलिसीवर लोन काढून देणार.

पाकिटांचं पटकन उरकतो. खलाशांची पत्रं जहाजावरचाच ऑफिसर वाचायचा, शिक्का मारायचा, आणि जहाज कुठलं ते बाहेरून कळू नये हाच तर सगळा खटाटोप होता. आणि भाव येतो तो जहाजाच्या नावाला! बाकी साधी पाकिटं ढिगाने मिळतात. तुम्ही फोटो पाठवलाय त्यावर डीलरने पेन्सिलीने 'हूड' (ब्रिटिश युद्धनौका) लिहून वेगळे 15 हजार लावलेत. अहो, हूड 24 मे 1941 ला बुडाली, आणि पाकिटावरचं दीड पेनीचं तिकीट फिकट तपकिरी आहे, तो फिका रंग 1942 ला आला (युद्धात शाई वाचवायला). म्हणजे ते पाकीट हूडवरचं असूच शकत नाही.

आता तिप्पट. 3 लाखांवर साडेनऊ टक्क्याने व्याज साठलं तर दहा वर्षांत साडेसात लाख देणं. डीलरचं स्वप्न खरं झालं, 9 लाख आले, तरी तुमच्या हातात दीड लाख.

पण मला खरा धक्का त्या पॉलिसींनी दिला. तीन एंडोमेंट (विमा आणि बचत एकत्र), वर्षाला 1 लाख 20 हजार प्रीमियम, आणि तिन्हींचं मिळून कव्हर किती, तर 14 लाख!! त्यातून 3 लाखांचं लोन काढलं की उद्या काही झालं तर घरी 11 लाख आणि वर साठलेला थोडाफार बोनस, समोर 38 लाखांचं लोन, मुली शाळेत. ज्याने हे विकलं त्याने कमिशन बघितलं, तुमचं घर नाही, आणि परतावा म्हणाल तर पाच टक्के मिळाले तरी खूप.

या आठवड्यात दीड कोटीचा टर्म (नुसता विमा, बचत नाही) घ्या, तब्येत धड असेल तर वर्षाला तीस-पस्तीस हजार. तो हातात आल्यावरच, आधी नाही, जुन्या तिन्ही पेड-अप करा (प्रीमियम बंद, पॉलिसी कमी कव्हरवर चालू). उरलेले पंचाऐंशी हजार म्हणजे महिन्याला सातेक हजार, इंडेक्स फंडात (निर्देशांकातलेच शेअर घेणारा म्युच्युअल फंड) एसआयपी.

हौस असेल तर महिन्याला एखादं पाकीट घ्या की, पगारातून. आणि डीलरला त्या तिकिटाचं साल विचारा, काय म्हणतो ते मलाही कळवा.