मुलीला सिनेमा करायचाय, परदेशी ग्रांट खरंच मिळते का?

भाऊ नमस्कार, पत्र मिळालं. मुलगी मास मीडिया करून लातूरला परत आलीये, दोन शॉर्टफिल्म केल्यात, आता ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांवर मोठा सिनेमा करायचा म्हणते आणि त्याला परदेशातून ग्रांट मिळते असं तिनं सांगितलंय, शिवाय एकानं फॉर्म भरून देतो म्हणून २५ हजार मागितलेत, ते द्यावेत का आणि गिरणीवर कर्ज काढावं का, असं तुम्ही विचारलंय. तर आधी हेच सांगतो, त्या माणसाला एक रुपया देऊ नका आणि कर्ज तर अजिबात काढू नका. फॉर्म ऑनलाइन असतो, तो तिचा तिलाच भरता येईल.

पण पोरगी खरं बोलतेय बरं का. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमचा फिल्म फेस्टिव्हल आहे, त्यांचा ह्युबर्ट बाल्स फंड १९८८ पासून आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या दिग्दर्शकांना पैसे देतो. स्क्रिप्ट आणि डेव्हलपमेंटसाठी १०,००० युरो, म्हणजे साधारण दहा लाख. आपल्याकडे नेमका इथंच खड्डा आहे, लिहायच्या काळात सहसा कुणी पैसे देत नाही, राज्य सरकारचं मराठी चित्रपटांचं अनुदानसुद्धा सिनेमा पूर्ण होऊन सेन्सॉर झाल्यावरच मिळतं, म्हणून हे फंड मला फार मोलाचे वाटतात.

दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’ या मराठी सिनेमाला हाच फंड मिळाला होता. पण त्याआधीचं बघा, त्यांची शॉर्टफिल्म रॉटरडॅमसकट बऱ्याच फेस्टिव्हलना फिरून आली होती, आणि लिहायला वेळ मिळावा म्हणून निर्माते विवेक गोंबर त्यांना महिन्याला १५,००० रुपये देत होते. मग २०१४ ला व्हेनिसला बक्षीस, पुढच्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कार. म्हणजे ग्रांट आली तेव्हा हातात आधीचं काम होतं आणि पाठीशी निर्माता होता. बर्लिन फेस्टिव्हलवाल्यांचा वर्ल्ड सिनेमा फंड तर एकट्या दिग्दर्शकाला मिळतच नाही, तिथं प्रॉडक्शन कंपनी लागते आणि जर्मन पार्टनर पण, त्यामुळे तो आत्ता डोक्यातून काढून टाका.

आता हे मुलीला वाचून दाखवा. ताई, तू पत्रासोबत जोडलेलं पान वाचलं, त्यात पहिलंच वाक्य आहे की भारतातील ग्रामीण स्त्रियांची अवस्था बिकट आहे. असं वाक्य निवडणाऱ्यांनी शेकड्यांनी वाचलेलं असतं गं. तुला जे माहितीये ते लिही ना, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतले की नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे एकच मजूर-जोडी धरली जाते, बाई आजारी पडून एक दिवस घरी बसली तर खाडा लागतो आणि ते पैसे दोघांच्या हिशोबातून कापतात. हे रॉटरडॅममध्ये बसलेल्या माणसाला माहीत नाही, आणि तुझ्या शेजारच्या वस्तीतल्या बाईला विचारून तू अजून वीस गोष्टी लिहू शकतेस. सिनॉप्सिस, म्हणजे गोष्टीचा सारांश, एक पान, मग हा सिनेमा तूच का करणार ते एक पान, मग बजेट, आणि बजेट खरं लिही, फुगवू नकोस, ते बघणारी माणसं मुरलेली असतात.

भाऊ, एक गोष्ट मनात पक्की ठेवा, ग्रांट म्हणजे पगार नाही. अर्ज ढिगानं येतात, मिळतात मोजक्यांना, आणि मिळाली तरी ती रक्कम सिनेमावरच खर्च करून हिशोब द्यावा लागतो. म्हणून तिनं एडिटिंग किंवा साउंड पक्कं शिकावं, पुण्याच्या एफटीआयआयचे, म्हणजे सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटचे छोटे कोर्स असतात, त्यावर पुण्या-मुंबईत काम मिळतं, घरभाडं निघतं, आणि रात्री लिहिता येतं. नोव्हेंबरमध्ये गोव्याला इफ्फी या आंतरराष्ट्रीय फिल्म फेस्टिव्हलच्या वेळी एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाचा फिल्म बाजार (आता नाव वेव्हज फिल्म बाजार) भरतो, तिथं पटकथा लिहिणाऱ्यांसाठी स्क्रीनरायटर्स लॅब आणि सहनिर्माते शोधायला को-प्रॉडक्शन मार्केट असतं, निर्माता भेटायची शक्यता तिथं सगळ्यात जास्त, तर तिकडच्या तारखा आधी बघा. आणि बाहेरून पैसे आलेच तर खात्यात घ्यायच्या आधी सीएला विचारा, परदेशी निधीचे नियम कडक आहेत, मागाहून निस्तरत बसावं लागतं.

शॉर्टफिल्मच्या लिंक आणि नव्यानं लिहिलेली ती दोन पानं तिला मला पाठवायला सांगा, मराठीत लिहिली तरी चालतील, इंग्रजी नंतर बघू.