ठकीबद्दल सगळं खरं सांगायचं का?

"ताई, ठकी कशी आहे ते खरं सांगितलं तर तिला कुणी घेणार नाही. थोडं झाकून सांगितलं तर ती पुन्हा परत येईल. काय करू?"

हे विचारणारी मुलगी पुण्यातल्या एका प्राणी-निवाऱ्यात शनिवार-रविवार मदतीला जाते. तिला इथे मुक्ता म्हणू. पाळीव प्राण्यांच्या वागण्याबद्दल सल्ला देणं हे माझं काम असल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो, दर वेळी थोड्या वेगळ्या शब्दांत. घाबरट मांजर दत्तक देताना किती सांगायचं, आणि द्यायचं कुणाला? नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलून ठकीचीच हकिकत सांगते.

ठकी चार वर्षांची, काळी-पांढरी. पेठेतल्या एका वाड्यात आजींकडे वाढली. घरात आजी, दिवसभर चालणारा रेडिओ आणि ही. आजी गेल्या, खोल्यांना कुलूप लागलं आणि नातेवाइकांनी तिला झाकणाच्या टोपलीतून निवाऱ्यात आणून सोडलं. कुत्रं माणसाला धरून राहतं, मांजर घराला, असं आपल्याकडे म्हणतात. ठकीचं एका दिवसात दोन्ही गेलं.

निवाऱ्यात ती शी-शूच्या ट्रेमध्ये जाऊन बसली. वाळूतच, पाय पोटाखाली ओढून, कान आडवे, डोळ्यांच्या बाहुल्या पसरून काळ्याभोर झालेल्या. बघायला येणारे नाक मुरडायचे, "हिला स्वच्छतेची सवय नाही वाटतं." वास्तविक त्या पिंजऱ्यात स्वतःचा वास असलेली आणि चारी बाजूंनी थोडा तरी काठ असलेली तेवढी एकच जागा होती. मांजर ट्रेमध्ये बसून राहिलेलं दिसलं की बहुधा समजावं, त्याला लपायला दुसरं काही दिलेलं नाही.

मुक्ताने तिची जाहिरात टाकली होती: "गोड, गुणी, थोडीशी लाजाळू मनी प्रेमळ घराच्या शोधात." फोटो छान होता. दोन लहान मुलं असलेल्या एका कुटुंबाने तिला नेलं. ठकी वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन बसली ती बसलीच. चौथ्या दिवशी मुलांच्या बाबांनी तिला मानेला धरून बाहेर ओढलं आणि तिने त्यांच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला. बिचाऱ्यांना रेबीजच्या इंजेक्शनांसाठी खेटे घालावे लागले. ठकी परत आली आणि तिच्या कागदावर 'चावते' असा शिक्का बसला. मुक्ताच्या मनाला हेच लागलं होतं. त्या कुटुंबावर मात्र मी रागावू शकत नाही. 'थोडीशी लाजाळू' वाचून त्यांनी मांजर नेलं होतं, आणि घरी आलं ते भीतीने गोठलेलं जनावर.

त्यात निवाऱ्यातल्या कुणीतरी सल्ला दिला होता की, एखाद्या सोसायटीत सोडून दे, मांजर आपलं आपण बघतं. हा सल्ला लोक फार सहज देतात. चार वर्षं घराबाहेर पाऊल न टाकलेली मांजरी पार्किंगमध्ये आपलं आपण काय बघणार? शिवाय पाळीव जनावर उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. दंड ऐकून हसू येईल, पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. पण गुन्हा तो गुन्हाच.

मी मुक्ताला म्हटलं, जाहिरातीचं नंतर बघू, आधी डॉक्टर. मांजर दुखणं लपवतं. सांधा, मूत्रमार्ग, दात, यांतलं काहीही दुखत असलं की भित्रं मांजर जास्त भित्रं होतं आणि गरीब मांजर चावरं होतं. ठकीच्या पोटावरचे केस चाटून चाटून गेले होते, तळहाताएवढी जागा उघडी पडली होती. ताणामुळे असं होतं, तसं पिसवांमुळेही होतं आणि मूत्राशयाच्या दुखण्यामुळेही. त्यामुळे 'टेन्शन आहे तिला' म्हणून सोडून देता येत नाही. डॉक्टरांनी लघवी तपासली, ती ठीक निघाली. तोंड उघडून बघितलं तर मागच्या दाढेची हिरडी लालभडक. दाढ काढली, औषध झालं आणि ठकी ओलं खाणं चाटूनपुसून खाऊ लागली. इतके दिवस ती दिवसा खात नाही याचं सगळं खापर भीतीवर फोडलं गेलं होतं.

इथे एक गोष्ट निक्षून सांगते. ताणावरची गोळी लागली तर ती जनावरांचे डॉक्टर वजन बघून देतात. घरातल्या डब्यातली माणसांची गोळी मांजराला कधीही देऊ नका. तापावर आपण सर्रास घेतो ती पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेते.

दुसरं काम, तिला निवाऱ्याच्या गोंगाटातून बाहेर काढायचं. मुक्ताची मावशी एकटी राहते, तिची मागची खोली मिळाली. सामान साधंच होतं. आडवं टाकून तोंड भिंतीकडे वळवलेलं पुठ्ठ्याचं खोकं, त्यात निवाऱ्यातलंच न धुतलेलं फडकं, एका कोपऱ्यात ट्रे, लांबच्या कोपऱ्यात पाणी आणि खाणं. फडकं धुवायला मावशी अगदी उतावीळ झाली होती. तिला सांगावं लागलं की त्या घाणेरड्या फडक्यालाच ठकी सध्या घर समजते आहे. खोक्याचं महत्त्व मी मनाने सांगत नाही. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांपैकी काहींना लपायला खोकं दिलं, काहींना दिलं नाही. खोकं मिळालेली मांजरं लवकर सावरली. लपू दिलं तर मांजर कायमचं लपूनच राहील, ही भीती लोकांना असते. घडतं उलटंच. लपायची सोय आहे अशी खात्री पटली की मांजर बाहेर यायला लागतं.

मावशीचं काम एवढंच होतं: ठरलेल्या वेळी खोलीत जायचं, जमिनीवर बसायचं, वर्तमानपत्र वाचायचं, उठून यायचं. हाक नाही, 'चुचु' नाही, खोक्यात वाकून बघणं तर मुळीच नाही. नजर गेलीच तर डोळे सावकाश मिटून सावकाश उघडायचे. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या २०२० मधल्या अभ्यासात दिसलं की माणसाने असे डोळे मिटले की मांजरंही डोळे बारीक करून उत्तर देतात आणि अनोळखी माणसाच्याही पुढे केलेल्या हाताकडे जास्त येतात. मावशीला सुरुवातीला हा सगळा प्रकार खुळचट वाटला. मग एका रात्री मुक्ताने खोलीत जुना मोबाइल लावून ठेवला आणि सकाळी त्या दोघींनी बघितलं: रात्री अडीचच्या सुमाराला ठकी बाहेर आली, खिडकीत बसली, आळोखेपिळोखे दिले आणि वर्तमानपत्रातून निघालेला रबरबँड खोलीभर पळवत नाचली. (रबरबँड लगेच उचलायला लावला. मांजरं गिळतात आणि आतड्यात अडकतो.)

आता जाहिरात. मुक्ताला म्हटलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर 'सगळं सांगायचं', आणि तेही पहिल्याच ओळीत. आम्ही मिळून लिहिलं ते असं:

"ठकी लपते. तुमच्या घरी आल्यावर काही आठवडे ती तुम्हाला दिसणारच नाही, कदाचित काही महिनेसुद्धा. तिला उचललेलं चालत नाही. ओढून काढल्यावर ती एकदा चावली आहे. लहान मुलं, कुत्रा किंवा पाहुण्यांची वर्दळ असलेल्या घरात ती द्यायची नाही. ट्रे नीट वापरते, ओलं खाणं आवडतं, रात्री खेळते, व्हिडिओ सोबत आहे. नसबंदी आणि लसीकरण झालेलं आहे. पूर्वी घाबरट मांजर सांभाळलेल्या माणसांनी फोन करावा."

मुक्ता वाचून म्हणाली, "ताई, ही जाहिरात आहे की ताकीद?" दोन्ही आहे. शंभर फोन यावेत अशी आपली इच्छाच नाही. आपल्याला एकच घर पाहिजे, आणि नव्व्याण्णव लोकांनी वाचून पुढे जाणं हे जाहिरातीचं यश आहे.

तरी फोन आलेच. एक तरुण जोडपं, त्यांना आपल्या मस्तीखोर बोक्याला सोबत हवी होती. माणसं चांगली होती, बोका ठकीला झेपला नसता. एक बाई, त्यांच्या घरी आधीपासून सात मांजरं. मुक्ताला वाटलं, याहून अनुभवी घर कुठलं मिळणार! इथे मी तिला थांबवलं. सात मांजरांत आठवं घाबरट मांजर म्हणजे ताटाशी, ट्रेशी, दारातल्या पायपुसण्याशी रोज कुणाची तरी परवानगी काढणं. त्यातून त्या बाई मोठ्या मायेने म्हणाल्या, "आणा हो, माझ्याकडे येऊन सगळी सुधारतात. मी मांडीवर घेऊनच बसते." मांडीवर घेऊनच बसते, इथेच माझं उत्तर ठरलं.

अनुभव किती मांजरांचा, हे मी विचारत नाही. मी विचारते, "तुमच्याकडचं सगळ्यात अवघड मांजर कोणतं होतं, आणि त्याचं तुम्ही काय केलंत?" या प्रश्नावर माणूस उलगडतो. कुणी लळा लावल्याच्या गोष्टी सांगतं. त्या गोष्टींत मांजर थोडं आणि सांगणारा जास्त असतो.

कर्वेनगरहून एका काकांचा फोन आला. घरूनच डीटीपीची कामं करतात, बायको शाळेत शिकवते, मुलगी परगावी. त्यांची आधीची मांजरी सतरा वर्षांची होऊन गेली होती. मी नेहमीचा प्रश्न विचारला.

"तीच अवघड होती," काका म्हणाले. "पहिला सगळा पावसाळा माळ्यावर होती."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काही नाही. माळ्यावर ताट ठेवायचो."

मी पुढे काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, "ही सध्या वाळू कोणती वापरते? तीच आणून ठेवतो. आणि ट्रे झाकणाचा आहे की उघडा?" असा प्रश्न नवखा माणूस विचारत नाही. नवखा विचारतो, "मांडीवर बसेल ना?" घाबरट मांजरासाठी अनुभवी घर कोणतं, तर मांजराने ढुंकून पाहिलं नाही तरी ज्यांचं काही बिघडत नाही ते. असं घर पहिलंच मांजर आणणाऱ्यांचंही असू शकतं. मात्र त्यांच्या पाठीशी फोनवर कुणीतरी लागतं, आणि पुष्कळ निवाऱ्यांना तेवढा वेळ नसतो. म्हणून जाहिरातीत 'सांभाळलेल्या माणसांनी' असं घालायचं.

मुक्ता घर बघून आली. माणसांपेक्षा खिडक्या बघायला सांगितल्या होत्या. नव्या घरी आलेलं घाबरलेलं मांजर पहिल्या काही दिवसांतच पळतं, आणि ते कुठून पळतं याचा अंदाज आपल्याला येत नाही. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनचं भोक, ग्रिलच्या गजांमधली फट, कचरेवाल्यासाठी उघडं राहिलेलं दार. काकांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. मांजर उंचावरून पडलं तरी पायावरच उतरतं या भरवशावर बाल्कनी उघडी ठेवणारे लोक मला भेटतात. पायावर उतरलेल्या मांजराचाही जबडा फुटतो, छातीला मार बसतो. काकांनी मुक्ता जाण्याआधीच जाळी लावून घेतली होती.

कागद साधाच केला. पहिला महिना फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरता सांभाळ, मग कायम. जमलं नाही तर ठकी मुक्ताकडेच परत यायची, तिसऱ्याला द्यायची नाही. परत आणायला लाज वाटता कामा नये, हे मी तोंडी सांगितलं. लाजेपोटी लोक मांजर भलतीकडे देऊन टाकतात.

ठकीला सबंध घर दिलं नाही, मुलीची रिकामी खोली दिली. खोकं तेच, फडकं तेच, वाळू तीच, खाण्याचा डबाही तोच. तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा दत्तक देणारे लोक सांगतात: तीन दिवसांत धसका ओसरतो, तीन आठवड्यांत दिनक्रम कळतो, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. ठोकताळा म्हणून ठीक आहे. पण लोक त्याचं वेळापत्रक करतात आणि चौथ्या दिवशी फोन येतो, 'अजून बाहेर येत नाही हो'. ठकीसारखीला हे आकडे खुशाल दुप्पट धरावेत. घड्याळ लावायचं ते खाण्यावर. पूर्ण दिवस तोंडात काही गेलं नाही तर मला फोन, दुसरा दिवसही तसाच गेला तर थेट डॉक्टर. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठून ते गंभीर आजारी पडू शकतं, जाडं मांजर तर लवकरच. तिथे 'भूक लागली की खाईल' चालत नाही.

पहिल्या रात्री ठकीने काही खाल्लं नाही. दुसऱ्या रात्री ताट रिकामं होतं आणि ट्रेमध्ये खड्डा होता. काकांनी मला ट्रेचा फोटो पाठवला. असे फोटो मला आवडतात, घरच्यांना पटत नाही.

पुढे फारसं काही घडलं नाही, आणि ते बरंच होतं. काका खोलीत बसून प्रुफं तपासायचे. काकूंनी आपण होऊन रेडिओ आणून ठेवला, हळू आवाजात. कामवाल्या बाईंना त्या खोलीत झाडू मारायला मनाई. त्या म्हणाल्या, "बरं झालं, एक खोली कमी." पोटावरचे केस हळूहळू भरून आले. बेल वाजली की ठकी अजूनही कपाटावर जाते आणि पाहुणा गेल्यावर बऱ्याच वेळाने उतरते. काकूंच्या पायाशी अंग घासते, काकांच्या टेबलावर कागदांवर बसते. उचललेलं अजूनही चालत नाही. बहुतेक पुढेही चालणार नाही, आणि त्या दोघांनी ते धरूनच ठेवलं आहे.

कागद कायमचा झाल्यावर मुक्ताने विचारलं, आता कागदावरचं 'चावते' खोडू का? खोडू नकोस म्हटलं. त्यापुढे 'ओढल्यास' लिही. पुढच्या डॉक्टरांनाही ते कळलेलं बरं.

परवा काकांचा फोन होता. दिवाळीत मुलीकडे चार दिवस जायचंय, ठकीला सोबत न्यावं की शेजाऱ्यांकडे ठेवावं? दोन्ही नको. ठकी स्वतःच्या घरी राहील आणि किल्ली शेजाऱ्यांकडे. पण त्या शेजाऱ्यांनी आतापासून दोन-चारदा येऊन, तिच्याकडे न बघता, नुसतं चहा पिऊन जायचं. फटाक्यांसाठी खिडक्या बंद, पडदे ओढलेले, रेडिओ चालू आणि कपाटाच्या वरची जागा मोकळी ठेवायची. ते ऐकून काका म्हणाले, "कपाटावरच्या बॅगा आम्ही नेणारच आहोत, म्हणजे जागा होईल."