मोबाईलवर तासभर बसतो, मग पुस्तकापुढे का नाही?

इंदूरच्या रामबागेतून एक आई, आजी आणि चौथीतला मुलगा असे तिघं माझ्याकडे आले होते. वहीत शाळेचा शेरा होता, लक्ष देत नाही, जागेवर बसत नाही. आईचा प्रश्न बहुतेक पालकांचा असतो तोच: "मॅडम, मोबाईलवर गेम लावला की हाक मारलेली ऐकू येत नाही याला. मग लक्ष नाही कसं? करायचंच नसतं." आजी म्हणाल्या, "अहो, याचा बापही असाच होता."

गेममध्ये क्षणाक्षणाला नवीन काही घडतं, लगेच बक्षीस मिळतं. तिथे लक्ष लावावं लागत नाही, खेळच ते धरून ठेवतो. रटाळ, लांबलेल्या कामावर ते स्वतः टिकवायचं, हे एडीएचडी (लक्ष न टिकण्याची, स्वस्थ न बसवण्याची अडचण) असलेल्या मुलाला जड जातं. त्यामुळे मोबाईलवर रमतो एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

मी त्याला धडा वाचायला दिला. शाळा इंग्रजी माध्यमाची, गल्लीत हिंदी, घरी मराठी, म्हणून तिन्ही भाषांत वाचून घेतलं. फक्त इंग्रजीची अडचण असती तर हिंदी तरी सुरळीत आलं असतं. तेही आलं नाही. जोडाक्षर दिसलं की अडायचा, पहिलं अक्षर बघून पुढचा शब्द ठोकून द्यायचा. दोन ओळींनंतर पाय हलू लागले, मग खिडकीकडे नजर. तोच धडा मी वाचून दाखवला, तर उत्तरं बरोबर! फक्त प्रश्न पुरता व्हायच्या आत. आणि तीन कामं एकदम सांगितली की पहिलं करून बाकीची विसरायचा.

म्हणजे वाचनाची अडचण होतीच, पण तेवढीच नव्हती. एडीएचडी म्हणायला लक्षणं सहा महिने तरी टिकलेली हवीत, बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली हवीत आणि शाळेबाहेरही दिसायला हवीत. इथे आजी कामी आल्या. लग्नाच्या पंगतीत, देवळात, सराफ्याच्या खाऊबाजारात, कुठेच याचा पाय ठरत नाही म्हणाल्या. (सराफ्यात कुणाचा ठरतो, ते सोडा.) बापाबद्दलचं त्यांचं वाक्यही मी लिहून घेतलं, कारण या दोन्ही अडचणी घराण्यात चालत येतात.

डोळे आणि कान आधी तपासून घेतले. मग बालमानसोपचारतज्ज्ञांनी निदान केलं आणि मिथाइलफेनिडेट हे लक्ष टिकवायला मदत करणारं औषध सुरू केलं. त्याने भूक मंदावू शकते, म्हणून वजनावर लक्ष ठेवायला सांगितलं. महिन्याभराने आईचा फोन आला: बसतो आता, पण वाचन तसंच आहे! ते तसंच राहणार होतं. गोळीने लक्ष टिकतं, जोडाक्षरं शिकवावीच लागतात. त्यासाठी विशेष शिक्षिका वेगळ्या लागल्या. घरी दहा मिनिटं अभ्यास, मग उठून फेरी, सूचना एका वेळी एकच आणि इतिहास-भूगोल आईने वाचून दाखवायचा, एवढंच ठरवलं. अभ्यास राहिला म्हणून बंद केलेलं क्रिकेट मात्र मी त्याच दिवशी सुरू करायला लावलं.

वाचनाच्या अडचणीच्या, म्हणजे अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राला आई बिचकत होती, शिक्का बसेल म्हणून. ही अक्षमता 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात येते. प्रमाणपत्र असलं तर सीबीएसईत तीन तासांच्या पेपरला एक तास जादा आणि गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो. कागद जमवायला वेळ लागतो, म्हणून दहावीची वाट न बघता चाचणीची फाईल आत्ताच करायला घ्या, असं त्यांना सांगितलं आहे.