जर्मन फुटबॉलच्या दुसऱ्या बुंडेसलीगात (दुसऱ्या पायरीची लीग) तिसरा आलेला संघ थेट वर का जात नाही?

तक्त्यात तिसऱ्या नंबरसमोर 'रेलेगेशन' लिहिलेलं बघून तो संघ खाली जातो की काय, असं तुम्ही विचारलंय. नाही जात. घोळ शब्दाचा आहे. इंग्रजीत रेलेगेशन म्हणजे खालच्या लीगात घसरणं. जर्मन लोक त्याला 'आबश्टीग' म्हणतात, आणि 'रेलेगात्सिओन' म्हणजे दोन लीगांच्या उंबरठ्यावर होणारी दोन सामन्यांची लढत.

लीगात १८ संघ, प्रत्येकाचे ३४ सामने. पहिले दोन थेट बुंडेसलीगात, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगात. तिसऱ्याची गाठ बुंडेसलीगातल्या सोळाव्याशी: एक सामना सोळाव्याच्या घरी, दुसरा तिसऱ्याच्या घरी, गोलांची बेरीज. बेरीज सारखी झाली तर जादा वेळ, मग पेनल्टी. खालचे दोन थेट तिसऱ्या लीगात जातात, आणि दुसऱ्या लीगातल्या सोळाव्याला तिथल्या तिसऱ्याशी असंच झुंजावं लागतं.

जुने निकाल वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. बाहेरच्या मैदानावरच्या गोलांना जास्त वजन देणारा नियम २०२१-२२ पासून नाही. २०१९ मध्ये युनियन बर्लिन स्टुटगार्टशी त्यांच्या मैदानावर २-२ आणि घरी ०-० करून वर गेला. आज तसं झालं तर जादा वेळ खेळावा लागेल.

तिसरा नंबर म्हणजे अर्धी बढती, हा हिशेब मात्र चुकीचा. ही लढत २००८-०९ च्या हंगामात परत सुरू झाली. २०२५ पर्यंतच्या १७ लढतींत दुसऱ्या लीगचा संघ तीनदाच जिंकला: न्युर्नबर्ग २००९, ड्युसेलडॉर्फ २०१२, युनियन २०१९. सोळावा संघ वर्षभर मार खाल्लेला असतो, पण तो बायर्न-डॉर्टमुंडसारख्या बड्या संघांकडून. त्याचा संघ टीव्हीच्या कितीतरी मोठ्या पैशांवर उभा असतो आणि बाकावरचे खेळाडूही त्याच तोडीचे. दुसरा सामना घरी असल्याचा फायदाही भरवशाचा नाही. २०२४ मध्ये ड्युसेलडॉर्फ बोखुममध्ये ३-० जिंकून आला, घरी ०-३ हरला आणि पेनल्टीवरही हरला.

शिवाय तिसरा संघ बरेचदा दुसरा नंबर नुकताच हुकून आलेला असतो. २०२३ चा हॅम्बुर्ग बघा. शेवटच्या दिवशी झांडहाउझेनमध्ये १-० जिंकून ६६ गुण झाले, प्रेक्षक मैदानात उतरले, निवेदकाने बढतीचं अभिनंदनसुद्धा करून टाकलं. तिकडे रेगेन्सबुर्गमध्ये बढतीच्या शर्यतीतला हायडेनहाइम ०-२ वरून सावरत होता आणि सामना अजून चालूच होता. भरपाईच्या वेळेत त्यांनी दोन गोल केले, शेवटचा क्लाइनडीन्स्टचा ९०+९ व्या मिनिटाला. ३-२. हायडेनहाइम ६७ गुणांवर, तेही थेट विजेता. डार्मश्टाटचेही ६७, पण गोलफरक कमी. हॅम्बुर्ग तिसरा. मग बुंडेसलीगातल्या सोळाव्या स्टुटगार्टने त्यांना ३-० आणि ३-१ धुतलं. हॅम्बुर्ग वर गेला तो २०२५ मध्ये, दुसरा येऊन.

गुण सारखे असतील तर आधी गोलफरक, मग केलेले गोल, त्यानंतर आपसातले सामने. स्पॅनिश लीगच्या सवयीने आपसातले सामने आधी मोजू नका.

शेवटच्या फेरीचे नऊही सामने एकाच वेळी सुरू होतात, साधारणपणे रविवारी तिकडचे दुपारी साडेतीन, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे सात. एकच सामना लावून बसू नका, शेजारी चालू तक्ता उघडा ठेवा. आणि आपल्या संघाची शिट्टी झाली तरी दुसरीकडची होईपर्यंत पेढे वाटू नका.