वाचकांचे प्रश्न : घाटात थांबणारी पद्मिनी

प्रश्न : आमच्याकडे १९८३ सालची प्रीमियर पद्मिनी गाडी आहे. कोल्हापुरात ती सुरळीत चालते. मात्र उन्हाळ्यात कोकणातून परतताना करूळ घाट चढून गगनबावड्याजवळ आली, की बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. कार्बुरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) बदलावा का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कार्बुरेटर बदलण्याची घाई करू नये. चढणीवर इंजिन तापले, की पेट्रोलच्या पंपातले आणि त्याच्या नळीतले पेट्रोल उकळून त्याची वाफ होते, आणि द्रवासाठी बनवलेला यांत्रिक पंप ती वाफ पुढे ढकलू शकत नाही. मात्र ठिणगीसाठी वीज पुरवणारी इग्निशन कॉइल किंवा तिच्या जोडीचा कंडेन्सर तापला, तर तोही हुबेहूब हेच लक्षण दाखवतो. त्यामुळे गाडी बंद पडताच एअर क्लीनर काढून, इग्निशन बंद ठेवून अ‍ॅक्सिलरेटर दाबावा : कार्बुरेटरच्या तोंडात पेट्रोलची पिचकारी उडाली, तर संशय विजेच्या बाजूवर, न उडाल्यास दोष इंधनाचा. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले तरी पेट्रोल अडते, हेही पाहावे.

दोष इंधनाचा ठरल्यास पेट्रोलची नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून (इंजिनातला गरम धूर बाहेर नेणाऱ्या भागापासून) दूर न्यावी. पंपावर ओले फडके टाकण्याची जुन्या चालकांची युक्ती घरी पोहोचवते, पण तो इलाज नव्हे. बोअरच्या पाण्याने रेडिएटरमध्ये क्षार साचले असतील, तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात तो उघडून साफ करून घ्यावा. ठिणगी उशिरा पडत असल्यासही इंजिन अधिक तापते. म्हणून ठिणगीचे टायमिंग तपासावे. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुने रबर लवकर खराब होते, तेव्हा नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचेच बसवावेत.